कामाचे आठ तास कुठे गेले?

ॲलन सिलिटोच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९५८) या कादंबरीत एक हिशोब आहे. आर्थर सीटन हा विशीतला पोरगा नॉटिंगहॅममधल्या सायकलच्या कारखान्यात लेथवर काम करतो. पगार नगावर. शंभर नगांना साडेचार शिलिंग. फार ओढाताण न करता दिवसाला चौदाशे नग निघू शकतात, म्हणजे ६३ शिलिंग. सकाळी दम लावून हजार काढले की दुपार आरामात जाते. पण याहून जास्त काढायचे नाहीत. काढले, तर घड्याळ घेतलेला माणूस एक दिवस पाठीमागे येऊन उभा राहणार आणि काम एवढं सोपं असेल तर रेट खाली आणा म्हणून सांगणार. मग तेवढ्याच पैशांसाठी जास्त नग काढावे लागणार. म्हणून आर्थर स्वतःचा वेग स्वतःच धरून ठेवतो. तो माणूस बघत असला की हालचाली वाढवायच्या, नग कमी काढायचे आणि चेहरा मात्र कामात बुडालेला ठेवायचा.

ही कादंबरी गाजली ती आर्थरच्या दारूमुळे, लफड्यांमुळे आणि कुणालाच न जुमानणाऱ्या तोंडामुळे. १९६० साली तिच्यावर सिनेमा आला, आल्बर्ट फिनीने आर्थर केला आणि 'रागीट तरुण' हे लेबल पक्कं झालं. माझ्या मते मात्र कादंबरीतली सगळ्यात हुशार जागा हा हिशोब आहे. कारण तिथे आर्थर गरीब, शोषित किंवा बंडखोर वगैरे काहीही असण्याआधी विचार करणारा माणूस आहे आणि तो विचार त्याच्या कामातून आलेला आहे. रेट कसा ठरतो, वेग कोण मोजतं, मोजणाऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याला नेमकं माहीत आहे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं.

कामगारांवरच्या कादंबऱ्यांबद्दल बोलताना आपण सहसा एकच शब्दसंग्रह वापरतो. 'दाहक वास्तव', 'अंगावर येणारं', 'हादरवून टाकणारं'. पुस्तक वाचून आपल्याला किती वाईट वाटलं यावर त्याची किंमत ठरते. ही मोजपट्टी बदलायला हवी. कामगाराच्या कादंबरीला पहिला प्रश्न असा विचारावा की तिला ते काम माहीत आहे का? दिवसाचे आठ-दहा तास जिथे जातात ती जागा पुस्तकात आहे, की माणूस दारातून बाहेर पडतो आणि पुढच्या ओळीत थकून घरी येतो? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या इंग्रजी कादंबऱ्या या नजरेने वाचल्या, तर वेगळीच यादी हाती लागते.

रंगाचा एक हात कमी

यादीची सुरुवात रॉबर्ट ट्रेसेलपासून. हे टोपणनाव. मूळ नाव रॉबर्ट नूनन. हेस्टिंग्ज या किनाऱ्यावरच्या गावात तो घरं रंगवायचा, पाट्या रंगवायचा. 'ट्रेसल' म्हणजे रंगाऱ्याची घोडी, जिच्यावर फळी टाकून उभं राहतात. टोपणनाव तिथूनच आलं. १९११ साली तो क्षयाने गेला, तेव्हा पुस्तक छापलेलं नव्हतं. 'द रॅग्ड ट्राउझर्ड फिलांथ्रॉपिस्ट्स' १९१४ साली आलं तेही कापून, शेवट बदलून. पूर्ण पुस्तक वाचकांच्या हाती पडायला १९५५ साल उजाडलं.

या पुस्तकातला पावाच्या तुकड्यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. जेवणाच्या सुट्टीत फ्रँक ओवेन सोबतच्या रंगाऱ्यांना पावाचे तुकडे आणि नाणी घेऊन नफा कसा तयार होतो ते दाखवतो. चळवळीतल्या लोकांनी तो प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या वापरला. पण पुस्तकाची खरी वेदना दुसरीकडे आहे. ती म्हणजे वाईट काम करावं लागण्याची. घासायचं तिथे घासू नका, भेग नीट भरू नका, तीन हातांच्या जागी दोन मारा आणि पुढे चला, असा कंत्राटदाराचा धोशा. मुकादम पावलं न वाजवता येतो आणि दारामागून बघतो. कुणी नीट काम करताना सापडला, तर तो वेळ वाया घालवतोय म्हणून कामावरून जाण्याची भीती.

मधेच ओवेनला एका श्रीमंताच्या घराचा दिवाणखाना मूरिश नक्षीत सजवायचं काम मिळतं. तो घरी रात्री बसून, स्वतःच्या वेळेत, त्याचे नमुने काढतो. आपल्या कष्टांतून दुसऱ्याचा खिसा भरतो हे सगळ्यांना समजावून सांगणारा हाच माणूस. तरी त्याला हा मोह आवरत नाही, कारण बऱ्याच दिवसांनी त्याला चांगलं काम करू देणार आहेत. हाताला कला असलेल्या माणसाचं शोषण त्याच्या कलेच्या प्रेमातूनच होतं, हे ट्रेसेलला कळलं होतं. भाषणांच्या पानांपेक्षा हे पान जास्त टिकलंय.

पुस्तकात खोट आहेच. ओवेनला सोबतच्या कामगारांचा इतका राग येतो की ते हळूहळू माणसं न राहता उदाहरणं होतात. शीर्षकातला 'परोपकारी' हा शब्दही टोमणाच आहे. स्वतःची मेहनत मालकाला दान करणारे ते परोपकारी. ओवेन बोलायला लागला की बाकीच्यांनी चुकीचं बोलायचं, म्हणजे त्याला बरोबर बोलता येतं. चळवळीच्या साहित्यात ही अडचण पुढेही येत राहिली.

खाणीतला पाहुणा

इथे जॉर्ज ऑर्वेलची तुलना उपयोगी पडते. 'द रोड टु विगन पिअर' (१९३७) मधलं खाणीचं वर्णन खरोखर अप्रतिम आहे. वाकून, रांगत कोळशाच्या थरापर्यंत जाताना त्या उंच माणसाच्या गुडघ्या-मांड्यांचं काय झालं ते तो सांगतो. हा प्रवास खाणकामगार रोज करतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत, हेही नोंदवतो. पगार, कपाती, भाडं यांचे आकडे त्याच्याकडे आहेत.

पण ऑर्वेलच्या खाणीत सगळ्यात जास्त दिसतं ते ऑर्वेलचं शरीर. खाणकामगार हे त्याच्यासाठी आश्चर्य आहे. लोखंडी पुतळ्यांसारखी माणसं, ज्यांच्या जोरावर बाकीचा देश चालतो. हा आदर खरा आहे. तरी पुतळ्याला हिशोब नसतो. आर्थरसारखी चलाखी, ओवेनसारखा मोह त्या अंधारातल्या कुणाच्या डोक्यात चालू असेल, हे त्या वर्णनातून समजत नाही. पाहुण्याला मेहनत दिसते. युक्ती दिसत नाही, कारण युक्ती पाहुण्यापासून लपवण्यासाठीच असते.

आर्थरचा शर्ट कोण धुतं?

सिलिटोला युक्ती दिसली, कारण तो स्वतः चौदाव्या वर्षी नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लागला होता. पण त्यालाही सगळं दिसलं नाही. आर्थर शुक्रवारी पगाराचं पाकीट घेऊन घरी येतो, चांगला सूट चढवतो आणि बाहेर पडतो. त्याचं जेवण, कपडे, घर ही सगळी आईची पाळी, आणि त्या पाळीला रेट नाही. ब्रेंडाशी त्याचं प्रकरण चालतं तेसुद्धा तिचा नवरा जॅक रात्रपाळीला जातो म्हणून. तिला दिवस जातात तेव्हा गरम पाणी आणि जिनची बाटली घेऊन जे भोगायचं ते तीच भोगते. कादंबरीत हे सगळं आहे, पण आर्थरच्या कडेने.

पॅट बार्करच्या 'युनियन स्ट्रीट' (१९८२) मध्ये हे मधोमध येतं. उत्तर-पूर्व इंग्लंडमधल्या एकाच रस्त्यावरच्या सात बायका, सात प्रकरणं. सगळ्यात धाकटी अजून शाळेत जाणारी आणि शेवटची मरणाच्या दारात पोचलेली. एका प्रकरणात केकचा कारखाना आहे. चालत्या पट्ट्यावर केकचे थर लावायचे. पट्टा थांबत नाही, आवाजामुळे बोलता येत नाही आणि वेग किती हे दुसरंच कुणी ठरवतं. आर्थरकडे निदान लेथचा वेग धरून ठेवायची मुभा होती. पट्ट्यावरच्या बाईकडे तीही नाही.

बार्करचं मोठेपण मात्र कारखान्याच्या वर्णनात थांबत नाही. तिच्या बायकांचं काम पाळी संपल्यावर संपतच नाही. बाळंतपण, आजारी नवऱ्याची शुश्रूषा, शेजारच्या मढ्याला आंघोळ घालणं, उधारी सांभाळणं हे सगळं ती कामाच्याच भाषेत लिहिते. त्याला माया किंवा त्याग अशी गोड नावं देत नाही. सिलिटोच्या कादंबरीत घर म्हणजे काम सुटल्यावर यायची जागा. बार्करकडे ती दुसरी पाळी आहे. ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचली, तर पहिल्यातलं स्वातंत्र्य कुणाच्या जिवावर होतं ते लख्ख दिसतं.

निवेदक कोणाच्या बाजूचा?

आता भाषेचा प्रश्न. जुन्या इंग्रजी कादंबरीत एक रचना ठरलेली होती. निवेदक शुद्ध इंग्रजीत बोलणार आणि कामगार अवतरणचिन्हांच्या आत, मोडक्या स्पेलिंगमध्ये. मराठी वाचकाला हे नवीन नाही. आपल्याकडच्या कितीतरी ग्रामीण कथांमध्ये निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे बोलीत असतात. दिसायला ही साधी सोय. तिचा अर्थ असा की पात्राला बोलता येतं, पण विचार करण्यासाठी त्याला निवेदकाची भाषा उसनी घ्यावी लागते.

ग्लासगोच्या जेम्स केल्मनने ही रचना मोडली. त्याने अवतरणचिन्हं काढून टाकली. निवेदक आणि पात्र एकाच ग्लासगोच्या बोलीत. कुठे बोलणं संपून विचार सुरू झाला ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. 'हाउ लेट इट वॉज, हाउ लेट' ला १९९४ चं बुकर मिळालं तेव्हा मोठा गदारोळ झाला. परीक्षकांपैकीच एकीने निवडीवर जाहीर टीका केली. लंडनच्या एका स्तंभलेखकाने याला साहित्याची मोडतोड ठरवलं. पानापानावरच्या शिव्या मोजल्या गेल्या. आपल्या भाषेला आणि संस्कृतीला असण्याचा हक्क आहे, असं केल्मनचं साधं म्हणणं होतं.

त्या कादंबरीतला सॅमी पोलिसांच्या मारानंतर आंधळा होतो. पुढे पुस्तकाचा मोठा भाग सरकारी कचेऱ्यांत जातो. भत्त्यासाठी अर्ज, डॉक्टरची भेट, नोंदणी. डोळे गेले असं लिहिलं तर कशामुळे ते सांगावं लागेल, पोलिसांचं नाव घेतलं तर पुढे काय होईल, अशी प्रत्येक उत्तरात मेख. बेकारी हेही कसं पूर्णवेळ काम असतं ते इथे दिसतं. मागच्या खुर्चीवरचा माणूस प्रमाण भाषेत बोलतो, फॉर्मही प्रमाण भाषेत असतो. जे कचेरीत घडतं तेच जुन्या कादंबरीतल्या निवेदकाने शतकभर केलं होतं, हे तेव्हा लक्षात येतं. केल्मनची शैली म्हणजे नुसता प्रयोग नव्हे, ती बाजू घेणं आहे.

त्याची आधीची 'द बसकंडक्टर हाइन्स' (१९८४) मला जास्त आवडते. केल्मन स्वतः कंडक्टर होता. रॅब हाइन्सची नोकरी जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ड्रायव्हरनेच तिकिटं फाडायच्या बस येतायत. पाळ्यांचा तक्ता, गणवेश, उशीर, ओव्हरटाइम आणि दोन फेऱ्यांच्या मधे डोक्यात चालणारं अफाट तत्त्वज्ञान. शेवटाकडे त्याला मुख्य कचेरीत खुलासा द्यायला बोलावतात. प्रश्न उभा राहतो तो एवढाच, की तिथे जायचं ते कोणाच्या वेळेत? हाइन्स त्यावर अडून बसतो आणि गोष्ट संपापर्यंत जाते. बाहेरून पाहिलं तर क्षुल्लक वाटेल. पण ज्याने स्वतःचे तास विकलेत त्याच्यासाठी कुठला तास विकलेला आणि कुठला आपला, यापेक्षा मोठा प्रश्न नाही.

कुंपण, पुन्हा कुंपण

कामाबद्दल लिहिण्यात एक तांत्रिक अडचण असते. काम म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा, आणि कथेला काहीतरी नवीन घडायला हवं असतं. बहुतेक लेखक म्हणूनच कामगाराला कारखान्याबाहेर काढतात. मॅग्नस मिल्सने उलटा रस्ता घेतला. 'द रिस्ट्रेंट ऑफ बीस्ट्स' (१९९८) बुकरच्या अंतिम यादीत आली तेव्हा तो लंडनमध्ये बस चालवत होता. त्याआधी त्याने काही वर्षं कुंपणं घातली होती. कादंबरीतही तेच. टॅम, रिची आणि त्यांचा बिननावाचा मुकादम तारेची कुंपणं घालतात. खड्डा, खांब, तार ओढणे, संध्याकाळी पब, सकाळी पुन्हा खड्डा.

मधेच अपघाताने एक गिऱ्हाईक मरतं. तिघं त्याला गुपचूप पुरतात आणि कामाला लागतात, कारण कुंपण वेळेत पुरं करायचंय. निवेदनाचा सूर तसूभरही बदलत नाही. खांब रोवणं आणि माणूस पुरणं एकाच आवाजात. वाचताना हसू येतं आणि मग स्वतःच्या हसण्याची भीती वाटते. कामाचा तोचतोचपणा मिल्सने टाळला नाही, त्याचीच शैली केली. डेडलाइन असेल तर माणूस काय काय अंगवळणी पाडून घेतो, यावर लांबलचक चिंतन करायची मग गरज उरत नाही.

काम गेल्यावरचं घर

मग डग्लस स्टुअर्टच्या 'शगी बेन' चं काय करायचं? २०२० चं बुकर मिळालेली ही कादंबरी. केल्मननंतर बुकर मिळवणारा स्टुअर्ट हा दुसराच स्कॉटिश लेखक. ऐंशीच्या दशकातलं ग्लासगो, दारूत बुडत चाललेली ॲग्नेस आणि तिला वाचवू पाहणारा तिचा लहान मुलगा. माझ्या मोजपट्टीने ही कादंबरी नापास व्हायला हवी, कारण हिच्यात काम जवळजवळ नाहीच.

पण इथे काम नसणं हीच गोष्ट आहे. ॲग्नेसचं कुटुंब राहायला जातं ती वस्ती कोळशाच्या खाणीसाठी उभी राहिलेली आणि खाण बंद पडलीय. पुरुष आहेत, वेळ आहे, जायला जागा नाही. कामाबरोबर माणसाचा दिवस, पगाराचा वार, बोलायचे विषय हे सगळंच गेलंय. मराठीत याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे जयंत पवारांचं 'अधांतर'. तिथेही गिरणी रंगमंचावर येत नाही. संपानंतरची एक खोली, तिच्यातली आई आणि मुलं. तरी प्रत्येक वाक्यामागे बंद पडलेले माग जाणवतात.

स्टुअर्टबद्दल माझी तक्रार कमी आणि त्याच्या स्वागताबद्दल जास्त आहे. जगभर या पुस्तकाचं कौतुक झालं ते आई-मुलाच्या प्रेमाची कहाणी म्हणून. ते प्रेम आहेच, आणि हृदय पिळवटणारं आहे. पण खाण बंद पडणं हे त्या कौतुकात हवामानासारखं येतं. पाऊस पडला, खाण बंद पडली. खाण हवामानाने बंद होत नाही, कुणीतरी ती बंद करतं. दुःखाची कादंबरी विकायला सोपी असते. त्या दुःखाला पत्ता असला की ती अवघड होते.

पुन्हा घड्याळ

आर्थरच्या मागे उभा असलेला घड्याळवाला आज कुठे आहे? ॲडेल वॉल्डमनच्या 'हेल्प वॉन्टेड' (२०२४) मध्ये तो सापडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावातलं अवाढव्य दुकान. पहाटे चारच्या आसपास माल उतरवणारी टोळी कामाला लागते. ट्रक ठरलेल्या वेळेत रिकामा झाला पाहिजे. या लोकांना आठवड्याला मुद्दामच कमी तास दिले जातात, कारण जास्त दिले तर त्यांना सवलती द्याव्या लागतील. आर्थरला जास्त काम नको होतं. इथल्या माणसांना काम कमी पडतंय, आणि किती मिळेल हे वरून ठरतं. नकोशा वरिष्ठ बाईपासून सुटका करून घेण्यासाठी ही टोळी भन्नाट युक्ती काढते. तिच्याविरुद्ध तक्रार करायची नाही, तिला बढती मिळवून द्यायची.

वॉल्डमनने स्वतः अशा दुकानात काही महिने काम केलं होतं, आणि ते पानापानावर दिसतं. उणीव एकच. निवेदक सगळं नीट समजावून सांगते. प्रत्येकाच्या डोक्यात डोकावते, प्रत्येकाला समजून घेते आणि त्या समजूतदारपणात केल्मनने बाहेर हाकललेला जुना निवेदक मागच्या दाराने परत येतो. तरी ट्रक, खोकी, वेग यांची तिची पानं खणखणीत आहेत.

हे वाचताना आपल्या आयटीतल्या एस्टिमेटची आठवण येणं साहजिक आहे. दोन दिवसांच्या कामाला चार दिवस सांगणं, कारण दोन सांगितले तर पुढच्या स्प्रिंटला एकच मिळणार. ही आर्थरचीच युक्ती. पण म्हणून 'आपण सगळेच कामगार' म्हणत गळ्यात गळे घालू नयेत. आपल्या एस्टिमेटवर घराचं भाडं लगेच अवलंबून नसतं, आणि ज्या वेळा-तासांच्या सिस्टिमवर त्या ट्रकवाल्यांचे तास ठरतात, ती लिहिणारे आपल्यासारखेच कुणीतरी असतात. पूर्वी घड्याळवाला निदान पाठीमागे उभा राहायचा. त्याच्यासमोर नाटक करता यायचं. आता घड्याळ कोडमध्ये आहे, आणि या गोष्टीत आपली जागा लेथच्या दोन्ही बाजूंना आहे. ती कादंबरी अजून फारशी लिहिली गेलेली नाही, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही.

नारायण सुर्व्यांनी कामगार म्हणून कविता लिहिली तेव्हा आपल्याकडेही प्रश्न सहानुभूतीचा राहिला नव्हता. ज्याच्याबद्दल लिहिलं जायचं तोच लिहायला बसला होता. आज पुण्यात डिलिव्हरीचं ॲप रेट बदलतं तेव्हा रायडर आपसात काय बोलतात, कुठली ऑर्डर सोडतात, ॲपला फसवायच्या कुठल्या वाटा त्यांनी शोधल्यात, हे सगळं चौकाचौकात चालू आहे. त्यावर पुस्तक येईल तेव्हा त्यात किती अश्रू आहेत ते आधी बघू नका. रेट किती आहे, तो कोण ठरवतं आणि तो ठरवणाऱ्याला चकवायचं कसं, हे त्यात आहे का ते बघा.